उरलेल्या कळ्या

११ ऑक्टोबर

ताई,

पत्राच्या डोक्यावर काय लिहितात ते शाळेत शिकवलं त्या दिवशी मी वर्गात नव्हते. कुठे होते ते तुला माहीत आहे, तूच कान धरून परत नेलं होतंस. म्हणून नुसतं ताई.

फोन तू उचलत नाहीस. चार वेळा वाजतो, मग तू कापतेस. म्हणजे माझा नंबर तुझ्या लक्षात आहे, एवढं मी धरून चालते. पत्राचं बरं असतं. फाडून फेकायचं झालं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

तर मी बरी आहे. नवी नोकरी लागली. आता तू म्हणशील, कितवी? मोजायला बसू नकोस. आधी इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी होत्या, त्या सोडल्या, वाफेने डोकं धरायचं. मग सिनेमागृहात लोकांना बॅटरीने खुर्ची दाखवायची होती. तिथून त्यांनीच काढलं. मी बॅटरी विझवून सिनेमाच बघत उभी राहायचे आणि माणसं एकमेकांच्या मांडीवर जाऊन बसायची. मग दोन महिने एका बाईंचे कुत्रे फिरवले. त्यातला एक असा होता की दार उघडलं की सुटायचा, आणि लांब जाऊन वळून बघायचा, की कोणी मागे येतंय का. त्याच्याविषयी खूप सांगण्यासारखं आहे, पण ते राहू दे, मूळ मुद्दा बाजूला पडला.

मुद्दा असा की मी आता मसाल्याच्या एका वखारीत आहे. लांब टेबल, वर पत्रा, दोन्हीकडे बायका बसलेल्या. माल येतो, तो आम्ही निवडतो. आठवडाभर मिरी निवडली. माझ्या शेजारी जाड चष्म्याच्या एक बाई बसतात, बोटांनी बघतात, चष्मा नुसता लावलेला. काल मुकादमाने एक टिनाचा डबा आणून टेबलावर ठेवला, झाकण काढलं, मेणकागद बाजूला केला.

ताई, मी बघितलंसुद्धा नाही आत. माझ्या तोंडून निघालं, अण्णा.

मुकादम म्हणाला, "काय?" मी म्हटलं, "काही नाही, व्हॅनिला आहे." तो म्हणाला, "ते डब्यावर लिहिलंय."

अण्णांचा तो तपकिरी सदरा होता ना, दाराच्या मागे असायचा, धुतला तरी हा वास जायचा नाही. मी लहानपणी तो डोक्यावरून घेऊन आत उभी राहायचे. तू अजून तिथेच ठेवला आहेस का तो?

अण्णा गेले तेव्हा मला गाडी मिळाली नाही, हे मामाने तुला सांगितलंच असेल.

बाकी ठीक. पाऊस नाही, ऊन नाही, नुसतं ढगाळ. तू कशी आहेस?

तुझी,
भिंगरी (हे नाव तूच पाडलंस, आता मी सगळीकडे हेच सांगते)


१९ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र आलं नाही. मी वाट बघत नव्हतेच. खाली दाराशी टपालाच्या पेट्या आहेत, तिथून जाता-येता सहज हात घालते एवढंच.

आज चष्मेवाल्या बाईंना सगळं सांगितलं. वेलीचं, म्हणजे. त्या वीस वर्षं शेंगा निवडतात आणि त्यांना वाटायचं की ह्या झुडपाला येतात. मी म्हटलं, बाई, वेल असते, ऑर्किडच्या जातीतली. गाठीगाठीतून मुळं काढते आणि झाडाला अशी धरून चढते की सोडवायला जाल तर साल हातात येईल. पानं जाड, कारण पाणी पानातच साठवून ठेवते. जमिनीवर तिचा फारसा भरवसा नाही.

"आणि फूल?"

मी सांगितलं की फूल सकाळी उघडतं आणि दुपारपर्यंत मान टाकतं. एकच सकाळ. तिच्या मूळच्या रानात तिची ओळखीची एक बारकी माशी आहे, ती येऊन काम करून जाते. आपल्याकडे वेल आली, माशी आली नाही. म्हणून माणसाने जायचं. डाव्या हातात फूल धरायचं, काडीने आतला पडदा उचलायचा, अंगठ्याने दाबायचं, झालं. फूल जुळलं. एका फुलाला एकदाच, आणि एका फुलाची एकच शेंग.

बाई हसायला लागल्या. म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही घरचे सगळे फुलांचे मध्यस्थ!"

मी म्हटलं, "आमचे अण्णा म्हणायचे, हजारो लग्नं जमवली, घरातल्या दोन पोरी मात्र तशाच राहिल्या."

तू हे वाचून हसली असशील तर बरं. हसली नसशील तरी मी धरून चालते.

मग बाईंनी विचारलं, इतकं येतं तर इथे काय करतेस? मी म्हटलं, मला एका जागी बसवत नाही. हे खरंच आहे. अण्णांनी नाही का आपल्याला वेल वळवायला शिकवलं? वर जाऊ दिली तर जातच राहते, नुसती पानं, फूल नावाला नाही. शेंडा धरून फांदीवरून खाली सोडायचा. मान खाली आली की मग तिला फुलायचं सुचतं. तू वळवायचीस तेव्हा मला वाटायचं वेलीला दुखत असेल. मी एकदा विचारलंसुद्धा. तू म्हणालीस, "तुझी वेणी घालताना दुखतं का?" मी म्हटलं, हो. तू म्हणालीस, "मग हिलाही दुखत असेल, गप्प धर."

मी अजून वरच चालले आहे, ताई. नुसती पानं.

तेव्हा जे झालं ते मी तुझ्यासाठीच केलं होतं. तू दवाखान्यात अण्णांजवळ होतीस, इकडे फुलं उघडत होती, मी एकटी. मला वाटलं, पीक भरपूर आलं तर ताईला बरं वाटेल. बस. दुसरं काही मनात नव्हतं. उगीच काही धरून बसली असशील म्हणून लिहिलं.

भिंगरी


३ नोव्हेंबर

ताई,

मागच्या पत्रातलं शेवटचं खोटं होतं.

पत्र पेटीत टाकलं आणि तिथेच उभी राहिले. पेटीच्या फटीत हात जातो का बघितलं. मनगटापर्यंत जातो. एक माणूस म्हणाला, "काय शोधताय?" मी म्हटलं, "पत्र चुकीचं पडलं." तो म्हणाला, "चुकीची पत्रंच पडतात, बरोबर असलेली लोक तोंडावर बोलतात." असली माणसं इथे फार आहेत.

तर खरं काय ते लिहिते. एका दमात लिहिते, मधे कुठे वळणार नाही.

एका घोसाला आठ. हे मला चालता येत नव्हतं तेव्हापासून पाठ आहे. घोसात पंधरा-वीस कळ्या येतात, रोज एखाद-दुसरी उघडते. आठ फुलं जुळवायची, आठ शेंगा धरल्या की उरलेल्या कळ्या खुडून टाकायच्या. कारण वेल नाही म्हणत नाही. जुळवाल तेवढ्या शेंगा ती धरते, पोसते, आणि मग स्वतःला काही ठेवत नाही. बाकीच्या झाडांना आपली ताकद कळते, नको ती फळं ती आपणच गाळून टाकतात. हिला ते कळत नाही, कारण हिच्या रानात माशी क्वचित यायची, चार-दोन फुलंच जुळायची. जास्त झालं तर काय करायचं हे शिकायची वेळच हिच्यावर आली नव्हती. म्हणून तेवढं आपण तिच्या वतीने करायचं. अण्णा म्हणायचे, जुळवणं कोणालाही येतं, खुडणं हे खरं काम.

विहिरीकडच्या दोन ओळी माझ्या होत्या. त्यात आईने लावलेली मूळवेल होती, जिच्या तुकड्यांतून आपली सगळी बाग झाली. ती माझ्याकडे दिली तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि तू आठवडाभर माझ्याशी धड बोलली नव्हतीस. अण्णांनी तुला सांगितलं होतं, "तिला धरून ठेवायला काहीतरी पाहिजे."

तू दवाखान्यात गेलीस, तीन आठवडे. रोज दुपारी तुझा फोन यायचा. आधी अण्णांचं सांगायचीस, मग विचारायचीस, "कळ्या खुडतेस ना?" मी म्हणायचे, हो.

मी एकही खुडली नाही. माझ्या दोन ओळींतलं उघडलेलं प्रत्येक फूल मी जुळवलं. रोज सकाळी. एका घोसाला सोळा, सतरा. आणि ते तुझ्यासाठी नव्हतं. मी मनात धरलं होतं की एकदा दुपटीने पीक आलं की मी म्हणेन, पुढच्या वर्षाचंही काम करून ठेवलं, आता मला सोडा. मला जायचं होतं. कुठे ते ठरलं नव्हतं, नुसतं जायचं होतं. बागेच्या कुंपणापलीकडून रोज नऊला एक बस जायची, मी फूल हातात धरून तिच्याकडे बघायचे.

तू परत आलीस तेव्हा शेंगा बोटाएवढ्या झाल्या होत्या. तू मूळवेलीसमोर उभी राहून मोठ्याने मोजलंस. एक, दोन, तीन. सतरापर्यंत. माझ्याकडे बघितलं नाहीस. मग अर्ध्या शेंगा खुडून टाकल्यास, पण वेलीने जे द्यायचं ते देऊन टाकलं होतं. उरलेल्या बारीक राहिल्या, आणि तोडणी झाल्यावर बूड तपकिरी पडत गेलं. अण्णा घरी आले होते, पलंग खिडकीशी होता, त्यांना सगळं दिसायचं. मला एकदा फक्त म्हणाले, "पाणी घालू नकोस तिला आता." मी चोरून घालत होते.

पुढच्या फेब्रुवारीत बागेत फुलं उघडायला लागली आणि तिला एकसुद्धा घोस नव्हता. तू काडी हातात घेऊन माझ्या मागे येऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, "आईची होती ती." एवढंच. ओरडली असतीस तर मी थांबले असते. मी घरात गेले, पिशवी भरली, नऊची बस धरली. फुलं तशीच उघडी होती, ताई. आठ ओळी, आणि तू एकटी, आणि आत अण्णा.

आणि अण्णांच्या वेळचं. गाडी होती. मामाचा फोन आला तेव्हा मी लगेच निघाले, स्टँडवर गेले, गाडीत बसले, खिडकीची जागाही मिळाली. कंडक्टरने घंटी मारली आणि मी उतरले. मला वाटलं, घरात शिरायला विहिरीवरूनच वाट आहे.

आता झालं लिहून. फाडून टाक.


२८ नोव्हेंबर

ताई, ताई,

घाईने लिहितेय, अक्षर समजून घे. तसंही माझं अक्षर तुलाच लागतं.

आज नवा माल आला. मुकादमाने जुड्या ओतल्या, आम्ही लांबीने लावत होतो. चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, "ह्यात टोचणीचा माल आहे." मी कधी त्यांना हे सांगितलं नव्हतं, पण त्यांना वीस वर्षांत बोटांनी कळलं आहे. कोणाकोणाच्या शेंगांवर बारीक टिंबं असतात म्हणे, अंगठ्याला लागतात. त्यांना वाटायचं किडा लागतो.

मी म्हटलं, "किडा नाही, बाई, सही आहे." मग सांगितलं. शेंग हिरवी असताना बुचात खोवलेल्या टाचण्यांनी टोचतात. तिथे साल खपली धरते आणि ते टिंब मग उकळत्या पाण्याने जात नाही, उन्हाने जात नाही. शेंग चोरीला गेली तरी कोणाची ते सांगते. प्रत्येक घराची खूण वेगळी. आमच्या अण्णांनी तर दोघी बहिणींना दोन बुचं करून दिली होती. ताईची पाच टिंबं सरळ ओळीत, जशी ताई. माझी पाच टिंबं गोल, पण मी पहिल्याच दिवशी बूच दगडावर पाडलं आणि एक टाचणी वाकली. तेव्हापासून चार टिंबं फेर धरून आणि पाचवं बाहेर. अण्णा हसून लोळायचे बाकी राहिले होते. म्हणाले, "चौघी मुकाट्याने घरात आणि ही निघाली हिंडायला. राहू दे, बरोबर तुझीच झाली."

हे सांगता सांगता माझा अंगठा एका शेंगेवरून फिरत होता. पाच टिंबं, सरळ ओळीत.

मी शेंग उजेडाकडे धरली. बाई म्हणाल्या, "काय गं?"

जुडी सोडली. सरळ, सरळ, सगळ्या सरळ. तुझ्या. तुझा हात असा नीट आहे की वाटतं पट्टीने टोचलंय. दुसरी जुडी सोडली. मुकादम आला, "एक-एक काय कुरवाळत बसलीस, लोणी लावतेस का त्यांना?" बाईंनीच त्याला परस्पर वाटेला लावलं. म्हणाल्या, "तिच्या घरचं पत्र आलंय, वाचू दे."

तिसऱ्या जुडीत होती. चार टिंबं गोल आणि पाचवं बाहेर.

मग अजून एक. मग अजून. सात सापडल्या. लांब, मांसल, तेलकट, एकसारख्या. पोट भरून वाढलेल्या वेलीच्या शेंगा.

ताई, ते बूच मी तिथेच ठेवून आले होते, गंजलेलं. मला वाटलं होतं तू ते पहिल्या दिवशी विहिरीत टाकलं असशील. आणि माझ्या ओळी? मूळवेल तर गेली ना? मी बघितली होती, बुडापासून वीतभर तपकिरी. मग ह्या शेंगा कुठल्या? का तू सहज हाताला लागलं ते बूच घेतलंस? तसं असलं तरी सांग. तसं नको असू दे.

मला एकच विचारायचं आहे. मी येऊ का?

एक शेंग मी ठेवून घेतली आहे. मुकादमाला विचारून. तो म्हणाला, "घे, पण हुंगत बसू नकोस कामाच्या वेळी."


१४ डिसेंबर

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे. म्हणून मामाला फोन केला, त्याच्या घड्याळाच्या दुकानात. त्याने नेहमीसारखा फोन उलटा धरला असणार, पहिली दोन मिनिटं नुसती घड्याळंच ऐकू आली. मग म्हणाला, "कोण? भिंगरी? जिवंत आहेस?"

मी म्हटलं, "मामा, मूळवेलीचं काय झालं?"

"इतक्या वर्षांनी फोन केलास आणि मामाची तब्येत नाही विचारलीस."

"कशी आहे तब्येत?"

"विचारू नकोस." मग खोकला. मग म्हणाला, "वेल मेली कुठे? बूड गेलं होतं तिचं. वरून चांगली होती, झाडाला धरून. तू गेलीस त्याच आठवड्यात तुझ्या बहिणीने खालचं कापून टाकलं आणि वरची वेल तशीच ठेवली. जमिनीला टेकलेलं काही नाही, नुसती अधांतरी. मी म्हटलं, हे काय जगणार? म्हणाली, मामा, हिला हवेतून घेता येतं, थोडे दिवस ती घेईल. रोज सकाळी पाणी शिंपडायची मुळांवर. अण्णा खिडकीतून बघायचे. पावसाळ्याच्या आधी एक मूळ सुटलं वरून, दोरीसारखं, आणि आलं खाली लोंबत. महिना लागला त्याला जमिनीपर्यंत यायला. टेकलं त्या दिवशी अण्णांनी मला मुद्दाम बोलावून दाखवलं."

त्याला वाटलं फोन कापला. "आहेस का?"

"आहे."

"तीन वर्षं तिने वेलीला फुलू दिलं नाही. चौथ्या वर्षी मोजून चार घोस ठेवले. आणि ते तुझं वाकडं बूच. माझ्याकडे गंज काढायला आणलं होतं. मी म्हटलं, ही टाचणी सरळ करून देतो, चिमट्याचं काम, एक मिनिट. अशी अंगावर आली माझ्या! म्हणाली, गंज काढ, वाकडं आहे ते तसंच राहू दे."

"मामा, मग ती माझा फोन का नाही घेत?"

पलीकडे एका घड्याळाला चावी दिल्याची किरकिर ऐकू आली. मग म्हणाला, "मला विचारशील तर, तिला फोनवर तुझं 'हो' ऐकायचं नाहीये. ऐकलंय तिने ते. तीन आठवडे."

हे मी लिहितेय कारण तू काय बोलली नाहीस ते मला कळलं, हे तुला कळावं.

मी फेब्रुवारीची वाट बघते. वखारीत सांगून ठेवलं आहे. मुकादम म्हणाला, "परत येशील?" मी म्हटलं, "ते तिथे गेल्यावर कळेल."

चष्मेवाल्या बाईंनी स्वतःच्या केसांतला आकडा काढून दिला. म्हणाल्या, काडी म्हणून चालेल. मी म्हटलं, बाई, लोखंडाने फूल फाटतं, बांबूचीच लागते. त्या म्हणाल्या, "मग वाटेत केस सुटले तर लाव." तो लावून येते.


९ फेब्रुवारी, दुपार

ताई,

तू माझ्यापासून वीस पावलांवर बसली आहेस, माठाशेजारी, पाठ माझ्याकडे करून. आणि मी विहिरीच्या कट्ट्यावर बसून तुला पत्र लिहिते आहे. मला हेच जमतं. वळून बघितलंस तर तोंडाने बोलेन.

सकाळी बसमधून उतरले तेव्हा साडेसात वाजले होते. फाटक नुसतं लोटलेलं. घरात गेले नाही, विहिरीवरून बागेत आले.

आणि ती तिथे होती. ज्या झाडावर मी तिला सोडून गेले त्याच झाडावर. खाली बुडाच्या जागी मोकळी माती, आणि वरून आलेलं ते मूळ, आता आठ-दहा मुळांचा मनगटाएवढा जाड झुबका झालाय. मी हात लावून बघितला. टणक आहे. शेंडा खाली सोडलेला, तू वळवतेस तसा. आणि त्यावर घोस.

तू तिसऱ्या ओळीत होतीस. मला बघितलंस. तुझे केस कानाशी पांढरे झालेत, हे मामाने सांगितलं नव्हतं. मला वाटलं तू म्हणशील, आलीस? किंवा म्हणशील, जा. तू कंबरेच्या पिशवीतून एक काडी काढलीस, टोक अंगठ्यावर घासून बघितलंस, आणि माझ्यासमोर धरलीस. आणि पाच वर्षांनी पहिलं वाक्य बोललीस.

"विहिरीकडच्या ओळी. दुपारच्या आत."

मी गेले. बोटं विसरली असतील असं वाटलं होतं, विसरली नव्हती. पडदा उचलायचा, दाबायचा. नऊची बस गेली. मी ऐकली, बघितली नाही. हे मोठेपणा म्हणून लिहीत नाही, हातात फूल होतं.

मूळवेल शेवटी ठेवली होती. चार घोस. तीन घोसांत तुझं काम सुरूच होतं, पाच-पाच, सहा-सहा धरलेल्या. चौथ्यात सात शेंगा धरलेल्या होत्या, आणि एक फूल उघडलेलं. आठवं. तू मुद्दाम माझ्यासाठी ठेवलंस का योगायोगाने उरलं, हे मी विचारणार नाही. ते मी जुळवलं. मग वर टोकाला कळ्या होत्या, हिरव्या, घट्ट मिटलेल्या. उद्या एक उघडली असती, परवा दुसरी. अंगठा आणि बोट लावलं आणि हात थांबला. कळी खुडताना बारीक आवाज होतो, मी विसरले होते तो. मी तो कधी फारसा ऐकलाच नव्हता म्हणा.

अकरा वाजता तू आलीस. घोसाकडे बघितलं नाहीस. माझ्याकडे बघितलंस, आणि फोनवर विचारायचीस तसंच विचारलंस, त्याच आवाजात.

"कळ्या खुडल्यास?"

मी हो म्हटलं नाही.

मूठ पुढे केली आणि उघडली. सात कळ्या होत्या, घामाने तळव्याला चिकटलेल्या. तू एकेक उचलून मोजल्यास, मोठ्याने. एक, दोन, तीन. सातपर्यंत. मग माझी मूठ तूच मिटवलीस, आणि सोडायला विसरलीस.